विश्लेषण : राष्ट्रपतींच्या निवडीलाच आव्हान मिळते तेव्हा... व्ही. व्ही. गिरी यांच्या १९६९ च्या निवडणुकीत नेमके काय घडले होते?

राष्ट्रपतींची निवड वैध आहे की नाही, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायचा होता आणि त्यासाठी पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात आले. हे १९७० मध्ये भारतात घडले. ते राष्ट्रपती होते वराहगिरी वेंकट गिरी. सत्ताधारी पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला हरवून अपक्ष म्हणून निवडून आलेले ते एकमेव राष्ट्रपती. उपराष्ट्रपती हंगामी राष्ट्रपती कधी होतो, तो निवडणूक लढवू शकतो का, निकाल वादग्रस्त ठरला तर दाद कुठे मागायची आणि राष्ट्रपतींना पदावरून काढायचे असेल तर महाभियोग कसा चालतो, या प्रश्नांची उत्तरे शोधताना गिरी यांचे नाव पुन्हा पुन्हा येते.

रेल्वे कामगारांचे नेते

गिरी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९४ रोजी बेरहमपूर येथे एका तेलुगू भाषक कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा मद्रास प्रांतात होते, आज ते ओडिशात आहे. वडील जोगय्या पंतुलू हे वकील. मुलानेही वकील व्हावे म्हणून १९१३ मध्ये त्याला डब्लिनला पाठवण्यात आले. आयर्लंड तेव्हा ब्रिटिशांविरुद्ध धुमसत होते. आयरिश राष्ट्रवाद्यांशी गिरी यांचे संबंध आले, ब्रिटिश यंत्रणेचा संशय ओढवला आणि १९१६ मध्ये, ईस्टरच्या उठावाच्या वर्षीच, ते भारतात परतले.

काही वर्षे त्यांनी वकिली केली, पण असहकार चळवळीत ती सुटली. त्यानंतरचे त्यांचे खरे क्षेत्र कामगारांचे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे संघटन त्यांनी केले. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन या देशभरातील रेल्वे कामगारांच्या महासंघाच्या संस्थापकांपैकी ते एक, आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्याचे सरचिटणीस. हा महासंघ या कथेत शेवटी पुन्हा येणार आहे. १९२६ मध्ये ते आयटकचे अध्यक्ष झाले, १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९३७ मध्ये राजगोपालाचारींच्या मद्रास मंत्रिमंडळात कामगार खाते त्यांच्याकडे आले, स्वातंत्र्यानंतर सिलोनमध्ये उच्चायुक्तपद मिळाले.

बँकांच्या प्रश्नावर राजीनामा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेवर निवडून आल्यावर नेहरूंनी त्यांना १९५२ मध्ये केंद्रीय कामगारमंत्री केले. कामगार आणि मालक यांनी आधी समोरासमोर बसून तोडगा काढावा, सरकारी लवाद हा शेवटचा उपाय असावा, असा त्यांचा आग्रह होता. कामगार क्षेत्रात ही भूमिका गिरी यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतचा अपिली न्यायाधिकरणाचा निवाडा सरकारने बदलला. कामगारमंत्र्यांना ते मान्य नव्हते, त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा अर्थमंत्री होते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. निवाड्याचा वाद पुढे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या आयोगाकडे गेला. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनीही मंत्रिपद सोडले. मतभेदामुळे मंत्रिमंडळ सोडणारे हे दोघे १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी एकमेकांसमोर येणार होते.

त्याआधी गिरी यांना निवडणूक याचिकेचा अनुभव याचिकाकर्ते म्हणून मिळाला होता. १९५७ मध्ये पार्वतीपुरम या द्विसदस्यीय मतदारसंघात ते हरले. अशा मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव असे. तिथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मिळाल्या. राखीव जागेसाठी पात्र असलेला उमेदवार सर्वसाधारण जागा कशी घेऊ शकतो, हा गिरी यांचा आक्षेप होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये गिरी हरले. सर्वसाधारण जागा सर्वांसाठी खुली असते, आदिवासी उमेदवारासाठी ती बंद होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. निकाल योग्यच होता, असे आज कोणीही म्हणेल. तोवर गिरी उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले होते. पुढे केरळ आणि म्हैसूर येथेही ते राज्यपाल होते. १९६७ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले.

राष्ट्रपतींचे पदावर असताना निधन झाले तर?

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना राष्ट्रपतींचा मृत्यू होण्याची ही पहिलीच वेळ. अशा वेळी काय करायचे हे घटनेच्या अनुच्छेद ६५ मध्ये स्पष्ट आहे : नवा राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती त्या पदावर काम करतो. पण अमेरिकेप्रमाणे तो उरलेला कार्यकाळ पूर्ण करत नाही. अनुच्छेद ६२ नुसार सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावीच लागते आणि निवडून येणाऱ्याला पूर्ण पाच वर्षे मिळतात. गिरी त्याच दिवशी हंगामी राष्ट्रपती झाले.

मात्र एक फट उरली होती. उपराष्ट्रपतीही नसेल तर? हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिला नव्हता, कारण राज्यघटनेने त्याची तजवीज संसदेच्या कायद्यावर सोडली होती आणि तसा कायदाच झाला नव्हता. तो त्याच मे महिन्यात घाईने करण्यात आला : दोन्ही पदे रिकामी असतील तर सरन्यायाधीश आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठतम न्यायमूर्ती राष्ट्रपतींचे काम पाहतील.

दोन महिन्यांत या कायद्याची गरज पडली. गिरी यांनी अपक्ष लढायचे ठरवले. अनुच्छेद ५८ नुसार लाभाचे पद असलेली व्यक्ती राष्ट्रपतिपदासाठी अपात्र ठरते, पण राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांना त्यातून सूट आहे. म्हणजे राजीनामा न देताही गिरी लढू शकले असते. त्यांनी तो दिला, २० जुलै १९६९ रोजी. जगाचे डोळे त्या दिवशी चंद्राकडे लागले होते, अपोलो ११ तिथे उतरत होते. सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत हंगामी राष्ट्रपती होते, त्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीला येऊन गेले.

जाण्याच्या आदल्या दिवशी, १९ जुलैला, गिरी यांनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली होती. बँक कर्मचाऱ्यांसाठी मंत्रिपद सोडलेल्या माणसाची हंगामी राष्ट्रपती म्हणून ही सर्वात मोठी सही.

काँग्रेसचा उमेदवार कोण, हेच भांडण

हा वटहुकूम आणि ही निवडणूक एकाच संघर्षाचे भाग होते. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, मोरारजी देसाई, मुंबईचे स. का. पाटील ही सिंडिकेट म्हणून ओळखली जाणारी मंडळी. जुलैमध्ये बंगळुरू येथे काँग्रेस संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवन राम हवे होते, सिंडिकेटला लोकसभाध्यक्ष नीलम संजीव रेड्डी. मतदान झाले आणि चार विरुद्ध दोन मतांनी रेड्डी ठरले. तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे मत रेड्डींच्या बाजूने पडले. त्या चार मतांतले ते एक मत इकडचे तिकडे झाले असते तर बरोबरी झाली असती आणि पुढचा इतिहास कदाचित वेगळा असता. चव्हाण पक्षफुटीनंतर मात्र इंदिरा गांधींसोबतच राहिले.

इंदिरा गांधींनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली. नंतर मात्र पक्षादेश काढायला नकार देऊन सदस्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे आवाहन केले. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. निमित्तही मिळाले होते : निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली होती. या दोन पक्षांचा स्वतःचा उमेदवार होता चिंतामणराव देशमुख. डावे पक्ष, द्रमुक आणि इतर काही पक्ष गिरी यांच्यामागे उभे राहिले.

स्वतःच सुचवलेल्या उमेदवाराविरुद्ध असे करता येते का? नैतिकतेचा प्रश्न वेगळा, पण कायद्याने अडवणारे काही नव्हते आणि आजही नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते, त्यात व्हिप लागू होत नाही, पक्षांतरबंदी कायद्यानेही (तो १९८५ मध्ये आला) अशा मतदानाबद्दल आमदार-खासदाराचे पद जात नाही.

मतांचे गणित : १३ खासदार

राष्ट्रपतींना लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार निवडतात. प्रत्येकाच्या मताला मूल्य असते. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे आणि पुन्हा हजाराने भागायचे, की आमदाराचे मतमूल्य मिळते. देशातील सर्व आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराचे. १९६९ मध्ये १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १४६ येत होते, उत्तर प्रदेशात १७४. खासदाराचे मत ५७६ चे होते. गोवा तेव्हा केंद्रशासित होता, त्यामुळे तिथल्या आमदारांना मतच नव्हते. (आज १९७१ च्या लोकसंख्येवर हे गणित गोठवलेले आहे, त्यानुसार महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ चे आणि गोव्याच्या आमदाराचे २० चे.)

मतदार एकाच नावापुढे फुली मारत नाही, तो उमेदवारांना पसंतीक्रम देतो. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते, म्हणजे कोटा, कोणालाच मिळाली नाहीत, तर सर्वात कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. कोणी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत हे चालते.

१६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. गिरी यांनी सहा दिवस आधीच वयाची ७५ वर्षे पूर्ण केली होती. रिंगणात १५ जण होते, त्यातल्या पाच जणांना एकही मत मिळाले नाही. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे सरचिटणीस राहिलेले आणि १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर गेलेले पां. ना. राजभोज यांना ८३१ मते पडली. वैध मते एकूण ८,३६,३३७, म्हणजे कोटा ४,१८,१६९.

पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५ मते मिळाली, रेड्डी यांना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. गिरी पुढे होते खरे, पण कोट्याला १६,६५४ मते कमी. पहिल्या मोजणीत निकाल न लागलेली ही भारतातील पहिलीच राष्ट्रपती निवडणूक. लहान उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही. आता त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजायची होती, आणि निजलिंगप्पा यांनी मागितली होती ती नेमकी हीच मते.

सिंडिकेटचा डाव जवळपास साधला होता. बाद झालेल्या सगळ्यांची मिळून १,२१,२७४ मते होती. त्यातली ९१,८७९ रेड्डींकडे गेली आणि गिरी यांच्याकडे फक्त १८,५६२. उरलेली १०,८३३ मते पुढची पसंती नसल्याने संपली. पुढच्या पसंतीत रेड्डींनी गिरी यांच्या जवळपास पाचपट मते घेतली, तरी पहिल्या फेरीतील खड्डा भरून निघाला नाही. अंतिम आकडे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०.

एका खासदाराचे मत ५७६ चे होते हे धरले तर या आकड्याचा अर्थ लागतो. शेवटच्या फेरीत गिरी यांच्या खात्यातले १३ खासदार रेड्डींकडे गेले असते तरी निकाल उलटला असता. दोन्ही सभागृहांत मिळून साडेसातशेच्या आसपास खासदार असताना फरक हा एवढाच. पुढे न्यायालयात जे झाले, ते समजण्यासाठी हा तेराचा आकडा लक्षात ठेवायला हवा. २४ ऑगस्टला गिरी यांनी शपथ घेतली, हिदायतुल्ला सरन्यायाधीशपदावर परतले आणि नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींची हकालपट्टी होऊन काँग्रेस फुटली.

निवडीला आव्हान कोण, कधी, कुठे देऊ शकतो?

अनुच्छेद ७१ नुसार राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयातच जातो. उच्च न्यायालय नाही, निवडणूक आयोग नाही. हा रस्ता पहिल्यांदा चोखाळला तो नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांनी. मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान असलेले खरे १९५७ मध्ये न्यायालयात गेले : काही ठिकाणच्या निवडणुका अजून व्हायच्या आहेत, मतदारांचे मंडळच अपुरे आहे, मग राष्ट्रपती कसे निवडता? निवडणूक पूर्ण झाल्याशिवाय वाद ऐकता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. ती पूर्ण झाल्यावर ते पुन्हा गेले, तेव्हा कायद्याने ज्यांना याचिका करता येते त्यांत ते बसत नाहीत, असे उत्तर मिळाले. खरे हरले, पण त्यांचा मुद्दा सरकारला टोचला असावा. १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने मतदार मंडळातील रिकाम्या जागांच्या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडीला आव्हान देता येणार नाही, असे घटनेतच लिहिले गेले.

याचिका करता येते ती उमेदवाराला किंवा ठरावीक संख्येच्या आमदार-खासदारांना. १९६९ मध्ये किमान दहा लागत, आता वीस लागतात. सर्वसामान्य नागरिकाला हा दरवाजा बंद आहे.

गिरी यांच्या निवडीविरुद्ध चार याचिका आल्या. काहींत अर्ज चुकीचे फेटाळल्याची तक्रार होती. गंभीर आरोप मात्र एका निनावी पत्रकाचा होता. रेड्डी यांच्या खासगी चारित्र्यावर अत्यंत गलिच्छ चिखलफेक करणारे ते पत्रक टपालाने मतदारांना गेले होते आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही वाटले गेले होते. मतदारांवर हा गैरवाजवी दबाव आहे, म्हणून निवड रद्द करा, अशी मागणी होती.

पत्रक, टेप आणि राष्ट्रपतींची साक्ष

न्यायमूर्ती एस. एम. सिक्री यांच्या अध्यक्षतेखालील पाच जणांच्या पीठापुढे हा खटला चालला. राष्ट्रपतींना अनुच्छेद ३६१ चे संरक्षण असते : पदाच्या अधिकारात केलेल्या कृतीबद्दल ते न्यायालयाला उत्तरदायी नाहीत, पदावर असताना त्यांच्यावर फौजदारी कारवाई होत नाही. पण आपण निवडून कसे आलो, हा पदाच्या अधिकाराचा प्रश्न नाही. गिरी स्वतः न्यायालयात आले आणि त्यांनी साक्ष दिली. वकील म्हणून शिकलेल्या आणि आधी एकदा निवडणूक याचिका हरलेल्या माणसाला ही जागा अगदीच अनोळखी नसावी.

याच खटल्यात टेपरेकॉर्डरही आला. एका साक्षीदाराने याचिकाकर्त्याशी झालेले संभाषण नाकारले, तेव्हा त्याची ध्वनिफीत पुढे करण्यात आली. साक्षीदाराचे खरे-खोटे तपासण्यासाठी अशी टेप वापरता येईल, असे न्यायालयाने ठरवले. आवाज कोणाचा हे पटायला हवे आणि टेपमध्ये फेरफार झालेला नाही हेही. आज फोनवरची रेकॉर्डिंग न्यायालयात नेली जातात, तेव्हाच्या युक्तिवादात या निकालाचे नाव अजून निघते.

१९५२ च्या राष्ट्रपती निवडणूक कायद्यानुसार निवड रद्द होण्याचे दोन मार्ग होते. गैरप्रकार विजयी उमेदवाराने स्वतः केला किंवा त्याच्या संगनमताने झाला, तर निवड रद्द. तो तिसऱ्याच कोणी केला असेल, तर त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे सिद्ध करावे लागते. चारित्र्यहननाचे पत्रक हा गैरवाजवी दबाव ठरू शकतो, हे न्यायालयाने तत्त्वतः मान्य केले. पण गिरी यांचे संगनमत सिद्ध झाले नाही, आणि निकालावर परिणाम झाल्याचेही. याचिका फेटाळल्या गेल्या, सविस्तर निकालपत्र सप्टेंबर १९७० मध्ये आले.

१३ खासदारांचा हिशेब इथे आठवतो. फरक इतका कमी असताना पत्रकाने कोणाचेच मन बदलले नसेल, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण मतदान गुप्त असताना पत्रकामुळे मत बदललेले खासदार शोधायचे कसे? कायद्याने याचिकाकर्त्यावर टाकलेला पुराव्याचा हा भार जवळपास न पेलणारा आहे, आणि तो हेतुतः तसा असावा. गुप्ततेचा पडदा एकदा उचलला तर पुढच्या कोणत्याही निवडणुकीत पक्षश्रेष्ठींना तो उचलायला सांगता आला असता.

निवड रद्द झाली असती तर? गिरी यांनी तोवर केलेल्या सह्या बाद झाल्या नसत्या. राष्ट्रपतींनी निकालापूर्वी केलेली कामे वैध राहतात, अशी तरतूद अनुच्छेद ७१ मध्येच आहे. उपराष्ट्रपती गोपाल स्वरूप पाठक यांनी सूत्रे घेतली असती आणि सहा महिन्यांत पुन्हा निवडणूक झाली असती.

महाभियोगाचा रस्ता वेगळा का?

निवडणुकीतील गैरप्रकारासाठी न्यायालय, तर पदावर बसल्यानंतरच्या वर्तनासाठी संसद, अशी घटनेची विभागणी आहे. अनुच्छेद ६१ मध्ये महाभियोगाचे कारण एकच दिले आहे : घटनेचा भंग. त्या पत्रकासाठी गिरी यांच्यावर महाभियोग आणणे म्हणूनच अवघड होते, तो आरोप पदावर येण्यापूर्वीचा होता.

प्रक्रिया कोणत्याही सभागृहात सुरू होऊ शकते. एकूण सदस्यसंख्येच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांनी १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आजच्या लोकसभेत म्हणजे १३६ सह्या. मग ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो, म्हणजे ५४३ पैकी ३६२. त्यानंतर दुसरे सभागृह आरोपाची चौकशी करते, तिथे राष्ट्रपतींना हजर राहून किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. राज्यसभेत तो ठराव २४५ पैकी १६४ मतांनी मंजूर झाला, की त्या क्षणापासून राष्ट्रपती पदावरून दूर होतात. इथे हजर सदस्य मोजले जात नाहीत, एकूण सदस्य मोजले जातात. त्यामुळे मतदानाला न येणारा खासदारही राष्ट्रपतींच्याच बाजूचा ठरतो.

अमेरिकेत हाच उंबरठा खाली आहे. तिथे प्रतिनिधीगृहात साधे बहुमत पुरते, मग सिनेटमध्ये सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली खटला चालतो आणि हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी निकाल होतो. भारतात आजवर एकाही राष्ट्रपतीवर महाभियोग चाललेला नाही.

घटनेची एक विसंगती मात्र कायम आहे. आमदार राष्ट्रपतींना निवडतात, पण काढताना त्यांना विचारले जात नाही. उलट राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्यांना निवडताना मत नसते, काढताना असते.

शेवटचे वर्ष

राष्ट्रपती म्हणून गिरी यांच्यावर इंदिरा गांधींचे सगळे ऐकणारे म्हणून टीका झाली, आणि ती पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही. १९७४ च्या मे महिन्यात सुमारे १७ लाख रेल्वे कामगार संपावर गेले. नेते होते जॉर्ज फर्नांडिस, ज्यांनी १९६७ मध्ये मुंबईत स. का. पाटलांना हरवले होते. संप पुकारणाऱ्यांत आघाडीवर होता ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन, गिरी यांनीच उभारलेला महासंघ. सरकारने हजारोंना अटक करून संप मोडला. राष्ट्रपती भवनात तेव्हा त्या महासंघाचे संस्थापक होते.

त्याच उन्हाळ्यात नव्या राष्ट्रपती निवडणुकीपूर्वी खरे यांचा जुना प्रश्न परत आला. गुजरात विधानसभा बरखास्त होती, मग निवडणूक घ्यायची का? गिरी यांनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले. एखादी विधानसभा नसली तरी निवडणूक वेळेतच व्हायला हवी, असे उत्तर जूनमध्ये आले. उमेदवारांच्या गर्दीवरही त्याच वर्षी उपाय झाला : सूचक आणि अनुमोदक प्रत्येकी दहा लागतील आणि अनामत रक्कम भरावी लागेल, अशी दुरुस्ती आली. आता हे आकडे प्रत्येकी ५० आहेत आणि अनामत १५ हजार रुपये. १९६९ मध्ये एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत होता.

२४ ऑगस्ट १९७४ रोजी गिरी निवृत्त झाले. त्याच महिन्यात निक्सन यांनी महाभियोग टाळण्यासाठी राजीनामा दिला होता. पुढच्या वर्षी, आणीबाणीत, ३९ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे वाद न्यायालयाच्या हातून काढून घेतले. गिरी ज्या न्यायालयात साक्षीला उभे राहिले होते, त्याचा तो अधिकार १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने परत मिळाला.

गिरी यांना १९७५ मध्ये भारतरत्न मिळाले. नोएडातील राष्ट्रीय कामगार संस्था आज त्यांच्या नावाने चालते. १९७७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत ३७ जणांनी अर्ज भरले, छाननीत ३६ बाद झाले आणि उरलेला एक उमेदवार बिनविरोध निवडून आला. ते होते नीलम संजीव रेड्डी. २४ जून १९८० रोजी मद्रासमध्ये गिरी यांचे निधन झाले, तेव्हा राष्ट्रपती भवनात रेड्डीच होते.